कुजबुजे आणि हिरोचा कान

आमच्या नाटक कंपनीच्या प्रॉम्प्टरला सगळे कुजबुजे म्हणायचे. उभा जन्म त्यांनी उजव्या विंगेत, मांडीवर संहिता घेऊन, दुसऱ्यांची वाक्यं पुटपुटण्यात घालवला. टाळ्या आमच्या, घसा त्यांचा! मी आईची भूमिका करायचे. रडता रडता वाक्य विसरले, की त्यांचा आवाज अलगद हात धरायचा.

मग हिरोने कानात घालायचं बटण आणलं. साउंडवाला मागून वाक्यं सांगायचा, ती थेट त्याच्या उजव्या कानात. कुजबुजे त्या बटणाकडे सवत घरात आल्यासारखे बघायचे. "आता मला जुन्या पडद्यांबरोबर माळ्यावर टाका," मला म्हणायचे.

एकदा प्रयोगाआधी हिरो उजवा कान धरून विव्हळू लागला. मेकअपवाल्याने लगेच तेल कोमट करायला ठेवलं, कापसाची काडीही काढली.

"कानात काही घालायचं नाही!" कुजबुजे कडाडले. "आतला पडदा फाटला असेल तर? आणि तू," ते हिरोकडे वळले, "आधी ते बटण काढ."

"काका, तुम्ही त्यावरच टपलेले!" साउंडवाला म्हणाला. सगळे हसले.

"टपलोयच. रोज टपतो. म्हणून आज खोटं बोलतोय का?"

पाठांतर कच्चं, त्यामुळे हिरो बटण सोडेना. ठणका वाढला तेव्हा निमूट काढलं. कुजबुज्यांनी रुमालाची घडी इस्त्रीने कोमट केली, आपल्या मनगटावर लावून पाहिली, मग बाहेरूनच त्याच्या कानावर धरली. दुखण्यावरची नेहमीची गोळी दिली.

"टेकून बस. उद्या डॉक्टरकडे जायचंच. पण आत्ता ताप आला, पाणी वाहिलं किंवा ऐकू कमी आलं, तर प्रयोग गेला उडत."

तसं काही झालं नाही. पडदा उघडला तेव्हा कुजबुजे आयुष्यात पहिल्यांदा डाव्या विंगेत बसले होते, चांगल्या कानाच्या बाजूला. हिरो एकदाही अडला नाही.

डॉक्टरांनी सांगितलं, बटणाने आतली कातडी सोलली आहे. बरं होईपर्यंत कान मोकळा ठेवा. तेवढे दिवस कुजबुजे नवरदेवासारखे मिरवले.

कान बरा झाला. कुजबुज्यांनी स्वतः बटण पुसून हिरोच्या हातावर ठेवलं.

"डाव्या कानात घाल."

"का हो काका?"

"उजवा माझा आहे," म्हणाले, आणि संहिता उचलून उजव्या विंगेत जाऊन बसले.