रबराचा पीळ

नेरडीगोंड्याच्या हायवेवरचं चंपत मिस्त्रीचं गॅरेज चोवीस वर्षांचं होतं, पण त्याची कंबर त्याहून म्हातारी झाली होती. सवाऱ्या नेणारे भगवंतराव वर्षात तिसऱ्यांदा जीप घेऊन आले. पुढच्या चाकांना धरणाऱ्या दांड्यांचे रबरी बुश पुन्हा फाटले होते.

"काऊन रे चंपत, रबर लावतो का पापड? आता फाटलं तं मी आदिलाबादलेच जातो."

चंपत काढलेलं सामान तारेत ओवून भिंतीला टांगून ठेवी. त्याने तारेतून जीपचे आधीचे बुश काढून पाहिले. सगळे एकाच बाजूला पिळवटून फाटले होते. वाकायला नको म्हणून तो गाडी जॅकवर उंच चढवी आणि चाकं लोंबकळत असतानाच नट आवळून टाकी. मग गाडी जमिनीवर आली की रबराला कायमचा पीळ बसे.

या खेपेला त्याने नवे बुश बसवून नट सैल ठेवले, जीप खाली उतरवली आणि तिच्याखाली सरपटत शिरला.

"आता खाली काय करून राह्यला?"

"गाडी उभी असतानाच आवळा लागते, भगवंतराव. पहिलेच कराले पायजे होतं."

वीतभर जागेत पाना अर्धाच फिरत होता. प्रत्येक आवळण्यासरशी त्याला जॅकवरच आवळून दिलेली आणखी एक जुनी गाडी आठवत होती.

"झालं. आता पाय धरून ओढा मले बाहीर."