दुपारचा पहारा

माझ्या इवायानं मला फसवलं. हे मी रागाच्या भरात लिहीत नाही. रागाच्या भरात बोलायचं होतं ते त्याच्या तोंडावर बोलून झालं आहे, आणि त्याच्यावर त्याचा काडीचाही परिणाम झालेला नाही. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. माझ्या धाकट्या लेकीचा हा सासरा अर्धापूरजवळच्या एका गावात केळीची शेती करतो. मी लातूरचा. मोंढ्यात दुसऱ्यांची फाटकी पोती शिवून सुरुवात केली, आज बारदान्याचं स्वतःचं दुकान आहे. एवढ्या वर्षांत मला ना आडत्यानं फसवलं, ना गिरणीवाल्यानं. आणि फसवलं कुणी, तर ज्याला स्वतःच्या केळीचा भाव धड करता येत नाही अशा माणसानं. समोर मी त्याला अहो-जाहो करतो. कागदावर तेवढी सूट मला असू द्या.

हा माणूस भजनावर जगतो. जेवतो ते केवळ पुढच्या भजनाला दम पुरावा म्हणून. त्याच्या हातात घड्याळ नाही, तो वेळ भजनात मोजतो. गावाहून नांदेड तीन भजनं आणि एक आरती. चहाला उकळी यायला एक गजर. आणि आमच्या विहीणबाई आवरून घराबाहेर पडायच्या म्हणजे ‘अख्खा शिवपाठ, इवाई, वर चहापाणी.’ एकदा एसटीचं चाक पंक्चर झालं, तर त्यानं रस्त्याच्या कडेला कंडक्टरसकट सगळ्यांना भजनाला बसवलं, आणि चाक बदलून झाल्यावर ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला तेव्हा त्यालाच डोळे वटारले, कारण कडवं पुरं व्हायचं होतं. आवाज म्हणाल तर मळणी यंत्रात ओलं सोयाबीन घातल्यासारखा. सूर असा वरचा धरतो की पेटीच्या पट्ट्या संपतात आणि हा अजून वर चाललेला असतो. मी एकदा म्हणालो, “इवाई, जरा खालून घ्या की.” तर म्हणे, “खालून घेतलं तर वरच्याला ऐकू कसं यील?”

त्याच्यावरचा माझा पहिला राग सोयरिकीच्या बैठकीतला. लग्न लातुरात, आणि वऱ्हाड दोन गाड्यांत मावेल एवढंच, या दोन गोष्टींवर मी अडून बसलो होतो. अडून बसण्यात माझा हात धरणारा मोंढ्यात कुणी नाही. पण मी मुद्दा मांडला की हा गृहस्थ डोळे मिटून अभंग सुरू करायचा. आणि आमची माणसं काय सांगावीत! माझा सख्खा भाऊ, ज्याला मी केवळ आवाज चढवायला नेलं होतं, तो मांडीवर ताल धरून मागं म्हणायला लागला. अभंग संपेपर्यंत माझा मुद्दा कुणाच्या ध्यानात राहीना. पुढं पुढं तर माझ्याही राहीना. शेवटी लग्न त्याच्या गावात झालं, वऱ्हाड म्हणून अख्खं गाव जेवलं, आणि भर उन्हात पंगतीत बुंदी वाढत फिरत होतो तो मी.

मग मागच्या वर्षी दात घासताना रक्त यायला लागलं. कुठं आपटल्याचं आठवत नसताना दंडावर निळे डाग उठले. रिकाम्या पोत्यांचा गठ्ठा हलवला तरी धाप लागायची. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं, रक्ताचा कॅन्सर. माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, “काही कमी-जास्त होईल का?” डॉक्टर म्हणाले, “औषधं सुरू करू, मग बघू.” ज्या सौद्यात समोरचा ‘मग बघू’ म्हणतो, तो सौदा मी आयुष्यात कधी केलेला नव्हता. त्या दिवसापासून भीती माझ्या घरातच राहायला आली. माझ्याबरोबर जेवते, माझ्याआधी उठते, आणि मी दात घासायला गेलो की आधी थुंकीकडे तीच बघते.

लातुरात इलाज घ्यायचा नाही हे मी पहिल्याच दिवशी ठरवलं. बाजाराला आजार कळला की बाजार माणसाच्या आधी त्याचं दुकान पुरतो. म्हणून नांदेडचा दवाखाना गाठला. पण तिथं राहायचं कुठं? लेकीच्या सासरी पडून राहायचं म्हणजे आमच्यात अजूनही बापाची मान खाली. इवायानं तो पेच चुटकीसरशी सोडवला. “तुम्ही माझ्या घरी न्हाई, मठाच्या खोलीत उतरा. डबा तेवढा घरून यील. आन् तो बी लेकीच्या हातचा न्हाई, माझ्या बायकोच्या हातचा. लई तिखट हाय, रडू आलं तरी कुणी काय म्हणणार न्हाई.”

मी त्याला गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली, की लातूरच्या बाजारात ही गोष्ट कळता कामा नये. त्यानं शपथ घेतली आणि तंतोतंत पाळली. लातूरचा बाजार सोडून बाकी सगळ्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मठाच्या ओसरीवर बायकांची रांग. कुणी गुळवेल आणलेली, कुणी पपईच्या पानांचा रस, आणि एक बाई नुसती रडायला आलेली. मी भडकलो. “इवाई, शपथ घेतली होती ना?”

“घेतली व्हती की. लातूरची. ह्ये अर्धापूर हाय.”

सौद्यात जे बोलून ठेवलं नाही ते मोकळं, हा तर माझाच धंद्यातला डाव. पण पुढं औषधांनी रक्त पार उतरलं आणि प्लेटलेट लागल्या, तेव्हा त्याचं भजनी मंडळ टमटम करून दवाखान्यात हजर झालं. पखवाजवाल्याच्या प्लेटलेट चालल्या, पेटीवाल्याच्या चालल्या, दोघा टाळकऱ्यांच्याही चालल्या. इवायाला मात्र वयामुळं परत पाठवलं. तो रक्तपेढीतल्या बाईंशी भांडला, “साठी उलटली म्हणून काय रगत आटलं का माझं?” पखवाजवाला दंडाला चिकटपट्टी लावून माझ्या खाटेशी आला आणि म्हणाला, “मामा, आता ताल चुकायचा न्हाई हं. आमची इज्जत हाय तुमच्या अंगात.” मला हसू आलं, आणि हसताना हिरड्यांतून पुन्हा रक्त आलं.

औषध नळीतून चढत असताना इवाई माझ्या शेजारी स्टुलावर बसतो आणि हळू आवाजात गातो. त्याचा हळू आवाज म्हणजे वरच्या मजल्यावरची माणसं जिन्यात येऊन वाकून बघतात. सिस्टर दोनदा रागावल्या, तिसऱ्यांदा त्यांनी दार लावून घेतलं आणि आतच उभ्या राहिल्या. आमच्या पलीकडच्या खुर्चीत हदगावचे एक मास्तर असायचे. बोलायचे नाहीत, पण खुर्चीच्या दांडीवर बोटांनी ठेका धरायचे, आणि इवाई लय सोडून पळाला की बोट उचलून त्याला थांबवायचे. एका खेपेला त्या खुर्चीत दुसरंच कुणी बसलेलं होतं. आम्ही विचारलं नाही, कुणी सांगितलंही नाही. त्या दिवशी इवाई गायला नाही. मीच म्हणालो, “म्हणा की काहीतरी.” तर म्हणाला, “घसा बसून राहिलाय.” घसा बसलेला नव्हता. गुडघ्यांवर ठेवलेले त्याचे हात थरथरत होते. डॉक्टरांच्या तोंडून निदान ऐकताना मला वाटली नव्हती एवढी भीती मला ते हात पाहून वाटली.

त्यानंतर गावचा शिवनाम सप्ताह आला. सात दिवस मठात नामस्मरण अखंड चालतं, आणि सतत कुणीतरी एकजण गळ्यात वीणा अडकवून उभा असतो. दोन तासांचा पहारा. वीणा खाली टेकवायची नाही, नाव थांबवायचं नाही, आणि पुढचा माणूस येऊन वीणा आपल्या गळ्यात घेईपर्यंत जागचं हलायचं नाही. डॉक्टरांनी मला गर्दीत जायची बंदी केलेली होती. इवायानं त्यातूनही वाट काढली. दुपारी पंगती उठल्या की गाव आडवं होतं, मठात चिटपाखरू नसतं. “नुस्तं बघायला या,” म्हणाला. मी मास्क लावून गेलो. पहाऱ्याला तोच उभा होता. मला पाहिलं, वीणा काढली, माझ्या गळ्यात घातली, “पाच मिनटं धरा, आलोच,” म्हणाला आणि मागच्या दारानं गेलासुद्धा. पाच मिनिटं म्हणजे त्याच्या हिशोबानं किती भजनं, हे विचारायचं राहून गेलं.

मी ‘ॐ नमः शिवाय’ म्हणत तार छेडू लागलो. सुरुवातीला लाज वाटली, मग राग आला, आणि मग पाय कापायला लागले. मास्कमध्ये श्वास कोंडला, पाठीवरून घामाची धार लागली. पडलो तर मरेन ही भीती रोजची होती. वीणा पडली तर साऱ्या गावाचा सप्ताह मोडेल, ही भीती नवी होती. आणि नवल असं, की ती जुनीपेक्षा मोठी होती. समोर खांबाला टेकून एक म्हातारी वाती वळत बसली होती. मी कसंबसं म्हणालो, “आजी, कुणाला तरी हाक मारा. माझ्यानं उभं राहवत नाही.”

तिनं मानसुद्धा वर केली नाही. “बोलू नगं, नाव तुटतंय. पडायचंच आसंल तर आधी वीणा माझ्या गळ्यात घाल, मंग पड.”

माझं टाळकंच फिरलं. आणि मी चिडलो की माझे पाय आपोआप घट्ट होतात, हा माझा जुना गुण. मी ठणकावून नाव सुरू केलं. मग म्हातारीनं वाती बाजूला सारल्या, टाळ उचलले आणि माझ्यामागं नाव धरलं. मला दम लागला की तिचा आवाज पुढं व्हायचा, तिला खोकला आला की माझा. असं किती वेळ चाललं मला ठाऊक नाही. मधेच कधीतरी ध्यानात आलं, की बराच वेळ आजार माझ्या डोक्यात आलेला नाही. तेवढं ध्यानात आलं आणि तो लगेच परत आला. पण जाऊन आला होता, हे मी पाहिलं.

पुढचा विणेकरी आला, त्यानं वीणा घेतली. मी इवायाला चार शिव्या हासडायच्या तयारीनं मागच्या दाराशी गेलो, तर तो तिथंच होता. गेलाच नव्हता. दाराआड लाकडी खुर्ची दोन्ही हातांनी धरून उभा होता, मी कोसळलो तर खाली सरकवायला. त्याचा सदरा माझ्यापेक्षा जास्त भिजला होता.

इथवर मी त्याला माफ केलं असतं. पण शेवटच्या दिवशी महाप्रसादाच्या वेळी मी खोलीत पडलो असताना भोंग्यावरून त्याचा मळणी यंत्राचा आवाज आला, “पुढल्या साली दुपारचा पहारा आमच्या लातूरच्या इवायाचा!” आणि अख्ख्या गावानं ‘हर हर महादेव’ केलं. तो खोलीत आला तेव्हा मी उठून बसलो होतो.

“कुणाला विचारून नाव लावलंत?”

“आता काय, जाहीर झालं.”

“पुढच्या साली मी असेन, याची हमी आहे तुमच्याजवळ?”

“न्हाई.”

“मग?”

“मग काय? पहारा लागलाय. यावं लागतंय.”

फसवणूक ती ही. मी माझी तयारी केलेली होती. दुकान पोराच्या हाती दिलं होतं, कुणावर भरवसा ठेवायचा आणि कुणावर नाही ते त्याला समजावलं होतं, बायकोला जे सांगायचं ते सांगितलं होतं. मरणाशी माझा सौदा झाला होता; वाईट होता, पण पक्का होता. बाजारात मी एकच गोष्ट शिकलो आहे. ज्याला माल सोडून उठून जाता येतं, त्याला कुणी लुबाडू शकत नाही. गिऱ्हाइकानं एकदा वळून मालाकडं पाहिलं की संपलं. दुकानदार ओळखतो, आता हा कितीही देईल. मी उठून निघालो होतो. या माणसानं मला वळून पाहायला लावलं.

आता पुढच्या आठवड्यात माझ्या हाडातला मगज काढून तपासणार आहेत. औषध लागू पडलं की नाही ते त्यावरून ठरेल. आधीच्या तपासण्यांना मी मान खाली घालून गेलो होतो, कारण मला काही नको होतं. या खेपेला नुसत्या विचारानं तोंडाला कोरड पडते. सध्या लातूरला घरी आहे. दुपारी जेवण झालं की मी भिंतीला न टेकता उभा राहतो. बायको विचारते, “हे काय करून राहिलात?” मी काही सांगत नाही. काय सांगू? पुढच्या वर्षी उभं राहायचं आहे म्हणून? या वयात, या आजारात?

मला जाब हवा आहे. डॉक्टरांकडून नको, महादेवाकडूनही नको. त्या दोघांनी मला कसलाच शब्द दिलेला नव्हता. शब्द दिला तो तुम्ही, इवाई, माझ्या वतीनं, मला न विचारता, साऱ्या गावादेखत. तपासणी वाईट निघाली तर ही जी हाव तुम्ही मला लावून ठेवली आहे तिचं मी काय करायचं? डोळे उघडे ठेवून, माझ्यासमोर बसून सांगा. विचार करायला वेळ घ्या, माझी हरकत नाही. फक्त मी ऐकायला असेन तोवर सांगा.