एप्रिलमधली शेवंती

चौतीस वर्षं आरेखकाची नोकरी केलेला माणूस बाग कशी करेल? मोजून. ऑफिसात त्यांना सगळे फूटपट्टी म्हणायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरापुढच्या जागेचा आराखडा आधी ट्रेसिंग पेपरवर काढला आणि मगच कुदळ उचलली. पावसाळ्यात झिनिया, थंडीत शेवंती आणि डेलिया, उन्हाळ्यात मोगरा. पहिलं फूल कधी उमललं ते वहीत तारखेनिशी लिहायचे. बायको म्हणायची, "मुलीचा पहिला दात कधी आला ते विचारा यांना, सांगता यायचं नाही." पण सकाळी चहाचा कप घेऊन ते वाफ्यांमधून फिरायला लागले, की तीही दारात येऊन उभी राहायची. इतक्या खुशीत तिनं त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

चौथ्या वर्षी, मार्चमध्ये, ते ओल्या वाफ्याच्या कडेवरून घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. तीन आठवडे हॉस्पिटल, मग घरी मागच्या खोलीत पलंग. तिथल्या खिडकीतून फक्त शेजाऱ्यांची भिंत दिसायची.

घरी आल्यावर दुसऱ्याच सकाळी बायकोनं पेल्यात मोगरा आणून ठेवला. "तुमच्या बागेतला," ती म्हणाली. त्यांनी वही मागून घेतली, नोंद केली, आणि बऱ्याच दिवसांनी दोन घास जास्त जेवले.

आठवड्याभरानं पेल्यात पिवळी शेवंती आली.

"ही कुठली?"

"कुठली म्हणजे? बागेतलीच."

"एप्रिलात?"

"फुललीय खरी. तिला मी काय सांगू?"

त्यांनी वही चाळली. तिन्ही वर्षं शेवंती डिसेंबरातली होती. चार दिवसांनी डेलिया आला, तेव्हा मात्र त्यांचं डोकंच चालेना. गोळ्यांनी थोडा गोंधळ उडेल, असं डॉक्टर म्हणाले होते. मधले सात-आठ महिने आपल्या हातून निसटले की काय? त्यांनी मुलीला फोन लावला.

"आज तारीख काय गं?"

"बावीस एप्रिल."

"नक्की?"

"बाबा, तुम्ही ठीक आहात ना?"

"ठीक आहे. सहज विचारलं."

फोन ठेवून ते डेलियाकडे बघत राहिले. फूल तर सुरेख होतं. आपण आधीच्या नोंदीच चुकीच्या केल्या, असंही त्यांना वाटून गेलं. पण कुणाला विचारायची भीती वाटत होती.

मे संपताना वॉकर मिळाला. एका सकाळी बायको घरात नाही असं पाहून ते एकेक पाऊल टाकत पुढच्या दारापर्यंत गेले. बाहेर बाग नव्हतीच. काटक्या होत्या, भेगाळलेली माती होती, मोगऱ्याच्या जागी करपलेला खराटा. आपण दुसऱ्याच घरात आलो, असं क्षणभर त्यांना वाटलं.

तेवढ्यात फाटक वाजलं. बायको आत आली. हातात फुलांचा कागदी पुडा.

"कोपऱ्यावरच्या फुलवाल्याकडची," ती म्हणाली. "हॉस्पिटलच्या त्या दिवसांत घराला कुलूपच होतं. पाणी कोण घालणार? सगळं जळलं."

"मग सांगायचं ना."

"ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्यावर तुम्ही पायाचं विचारलं नाहीत. बागेचं विचारलंत. काय सांगणार होते?"

"अगं, पण एप्रिलात शेवंती..."

"त्याच्याकडे बारा महिने असते. तुमच्याकडे नसते, हे मला काय ठाऊक?"

रागवावं की हसावं, त्यांना कळेना. फसवणूक झाली होती, हे खरं. त्या फुलांनी दिवस निभावले, हेही खरं. ते दारातल्या खुर्चीत बसले आणि बराच वेळ तिच्या पायांवरची रस्त्याची धूळ बघत राहिले.

जुलैत त्यांनी झिनियाचं बी आणवलं. खाली वाकता येत नव्हतं, म्हणून ते खुर्चीतून सांगत होते आणि ती पेरत होती. "एकेक फुटावर," ते म्हणाले. तिनं मूठभर बी उधळलं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

सप्टेंबरात कुठेही, कसेही, लाल, गुलाबी, केशरी झिनिया फुलले. मध्येच एक रोप वेगळंच होतं. त्याची पानं वहीत नोंदलेल्या कुठल्याच झाडाशी जुळेनात.

"शेवंती असेल," ती म्हणाली.

"शक्यच नाही," ते म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता. दोघांनी मिळून त्याला काठीचा आधार दिला. अजून त्याला कळी आलेली नाही.