कोंबडीची पाठवणी

२००८च्या मंदीत मिनेसोटात नवऱ्याची नोकरी गेली आणि शुक्रवारचं परतीचं विमान ठरलं. सहा वर्षांचा संसार विकता विकता मी इतकी कंटाळले होते, की शेवटी लोकांना म्हणायचे, न्या हो, फुकट न्या. प्रश्न उरला कोंबडीचा. शेजारच्या अमेरिकन आजी वृद्धाश्रमात जाताना ती मला देऊन गेल्या होत्या. तांबडी, म्हातारी, अंडी जवळजवळ थांबलेली. माझ्या व्हिसावर काम करायची परवानगी नव्हती. दिवसभर बोलायला घरात तीच. नवऱ्याचा मित्र म्हणाला, "वहिनी, रस्साच करू ना यार!" त्याला त्या दिवशी मी चहासुद्धा विचारला नाही.

इंटरनेटवर ओरेगनची एक बाई सापडली. म्हातारी चालेल, पोस्टाने पाठव, म्हणाली. मला आधी थट्टाच वाटली. पण तिथलं पोस्ट खरंच जिवंत कोंबडी नेतं, एक्सप्रेसने, भोकांच्या खास खोक्यातून. तिने बजावलं, सोमवारीच टाक, म्हणजे मध्ये रविवार येऊन अडकणार नाही. पाणी ठेवू नकोस, सांडतं. सफरचंदाच्या फोडी ठेव.

फोडी ठेवल्या. पण एवढा प्रवास काय नुसत्या फोडींवर? आमच्यात निघालेल्याला असं पाठवत नाहीत. वाटीभर दहीभात कालवून मी पेंढ्यावर ठेवला. पोस्टात पोचेपर्यंत तिने तो पायांनी उधळला होता. काउंटरवरच्या माणसाने खोक्याला खालून बोट लावलं आणि मान हलवली. "तळ ओला आहे. वाटेत फाटेल. घेता येणार नाही."

मी मेली अतिशहाणी! दुसरा खोका मागवायला वेळ कुठला? नवऱ्याने गाडीत हीटर सोडून खोका वाळवला, आत कोरडा पुठ्ठा बसवला. मी बाहेर थंडीत कोंबडी शालीत गुंडाळून उभी. भांडायचंही त्राण दोघांत नव्हतं. तासाभराने त्या माणसाने खोका दाबून पाहिला आणि एकदाचा शिक्का मारला.

बुधवारी सकाळी बाईचा फोन आला. कोंबडी पोचली, जिवंत आहे, पण कोपऱ्यात बसून राहिलीय, पाण्याला तोंड लावत नाही.

"अशीच राहिली तर जगायची नाही," ती म्हणाली. "तू तिला कशी बोलवायचीस?"

तिला फोन पाण्याच्या भांड्याजवळ धरायला सांगितलं आणि रिकाम्या घरात, बॅगांच्या मधोमध उभी राहून मी ओरडले, "तीऽ तीऽ तीऽ! ये गं बाई, ये!"

पुन्हा पुन्हा हाका मारल्या. मग पलीकडून बाईच ओरडली, "उठली! पाणी पितेय!"

लगेच तिने स्वतः हाक मारून पाहिली. काय ते उच्चार, अरे देवा!

"माझ्याकडेही आली!" ती हसायला लागली.

"बरं झालं," म्हणाले, फोन ठेवला आणि तिथेच फरशीवर बसून रडले. जगली म्हणून जीव भांड्यात पडला होता. पण दोन दिवसांत दुसरीच्या हाकेला गेली मेली, तेही सोसवेना.