मुळावरचं पांढरं

नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या शहरात निवडुंगाचाच नाद परवडतो. दिवसा मी पाण्यासाठी पत्रकं वाटायचे, आणि घरी गच्चीवर तीस कुंड्या निवडुंगाच्या. त्यातला एक गोल, मुठीएवढा. आठवीत असताना बी पेरून वाढवलेला. त्या वर्षी त्याला पहिल्यांदाच कळी धरली होती.

हा नाद लावला गुलमंडीमागं घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका काकांनी. आम्हा निवडुंगवाल्यांत त्यांचा शब्द शेवटचा. डोळ्याला घड्याळाचं भिंग लावून रोप बघायचे आणि सांगायचे, ही कीड, हा नुसता उन्हाचा डाग. चुकले असं कधी झालं नाही. हे लक्षात ठेवा.

आमच्यात एक रीत होती. कुणाला झाडाचं पिल्लू द्यायचं तर आपल्या कुंडीतली मूठभर माती सोबत द्यायची. माहेरची माती म्हणायचो तिला. पोर नव्या घरी रुळावी म्हणून. दिवाळीनंतर काकांनी मला पिल्लू दिलं आणि मूठभर नाही, पिशवीभर माती दिली. मी खुळ्यासारखी ती तीसच्या तीस कुंड्यांत थोडी थोडी घातली. काकांच्या हातची म्हणून.

दोन महिन्यांत झाडं मलूल पडली. अंग आक्रसलं, पाणी घातलं तरी फुगेनात. एक उपटलं तर मुळांवर पांढरी भुकटी. कुंडी उचलून दुकानात गेले. काकांनी भिंग लावलं, बराच वेळ बघितलं.

"बुरशी हाय, पोरी. पाणी बंद कर. आन् उपटाउपटी करू नको."

"मरणार नाहीत ना?"

"तुझी पत्रकं पचवून पालिकेतले साहेब लोक जगत्यात, मग झाडं कशाला मरतील?"

दुकानातली माणसं हसली. मीही हसले.

पाणी बंद केलं. तीन आठवड्यांत अकरा झाडं गेली. आठवीतल्या झाडाची कळी आधी वाळून गळाली, मग झाडही गेलं.

निवडुंगांचं दर वर्षीचं प्रदर्शन आठवड्यावर आलं होतं. तिथं काकांच्या टेबलावरच्या झाडांच्या नावांच्या चिठ्ठ्या मीच लिहायचे, म्हणून न कळवताच त्यांच्या गच्चीवर गेले. सगळ्या कुंड्या रिकाम्या. झाडं मुळं धुऊन सावलीत कागदावर मांडलेली. जुनी माती पोत्यात बांधलेली. काका बादलीवर वाकलेले. बादलीत किडीचं औषध, वासावरून कळलं. बुरशीला कुणी किडीचं औषध घालत नाही, हे मला काकांनीच शिकवलं होतं.

"पिठ्या ढेकूण," मी म्हणाले. "तुमच्या मातीतून आला."

बादली ढवळणारा हात थांबला. "व्हय."

"त्या दिवशी भिंगातून दिसला होता?"

"त्याचे पायसुद्धा दिसले व्हते."

"मग बुरशी का सांगितलं?"

"खरं सांगितलं असतं तर तू पत्रक काढलं असतं. माझ्या टेबलाकडं कुत्रं फिरकलं नसतं."

हा ढेकूण अंगावर पांढरं मेण ओढून मुळांचा रस पितो, आणि कोरड्या मातीत जास्त फोफावतो. म्हणजे पाणी बंद कर हा सल्ला उपाय नव्हता, तोंड बंद करणं होतं. माझ्या झाडांच्या जिवावर. आणि संताप याचा, की माणूस मला बरोबर ओळखून होता. मी पत्रक काढलंच असतं.

मग काढलं. प्रदर्शनाच्या दारात उभी राहून वाटलं. नाव कुणाचंच घातलं नाही, एवढंच लिहिलं: मुळावर पांढरं दिसलं तर स्पिरिटचा बोळा लावा. मेण विरघळून खाली कीड निघाली तर ती बुरशी नव्हे. मुळं धुवा, सडलेली कापा, औषधात बुडवा, सावलीत सुकवा, नव्या मातीत लावा. जुनी माती कुणाला देऊ नका, माहेरची असली तरी.

काका आले. हात पुढं करून एक पत्रक मागून घेतलं, डोळ्यांपासून लांब धरून शेवटपर्यंत वाचलं.

"अंडी राहत्यात मागं. पंधरा दिवसांनी परत औषध द्यायचं. ते लिहायचं राह्यलं तुझं."

आत गेले. त्यांच्या टेबलाला गर्दी होती.

बरोबर होतं त्यांचं. मी दारातच बसले आणि उरलेल्या पत्रकांवर पेनानं ती ओळ घालत गेले. पंधरा दिवसांनी परत. पंधरा दिवसांनी परत. एवढं सगळं त्या माणसाला दुकानातही माहीत होतं, माझी कुंडी हातात असताना.