उतरलेला सूर

जुन्या चर्चमधला पाइप ऑर्गन सुटा करून नव्या चर्चमध्ये पुन्हा उभा केला, तेव्हा कारागिराने त्याचा कायम उतरलेला एक सूरही नीट लावला. आम्ही मात्र लहानपणापासून गीतं शिकलो ती त्या उतरलेल्या सुरासकट. आता दर रविवारी त्या सुरावर ऑर्गन बरोबर असतो आणि अख्खी मंडळी खाली घसरते. नुसता वैताग. ऑर्गन हलवता आला. कान कसे हलवायचे? शेजारच्या रूथमावशी दर वेळी कुजबुजतात, "चांगला होता, बिघडवून ठेवला यांनी."

आज वाजवणाऱ्याने कंटाळून त्या सुरावरचं बोटच उचललं. आम्ही सगळे एका आवाजात बेसूर गायलो. क्षणभर जुन्या चर्चच्या दगडी भिंती भोवती असल्यासारखं वाटलं.

मावशी समाधानाने म्हणाल्या, "झाला बाई एकदाचा दुरुस्त."