बाबांनी काय काय सोडलं

माझं लग्न २०१४ च्या उन्हाळ्यात झालं आणि मी डहाणूच्या किनाऱ्यावरच्या एका होडीवाल्या घरात आले. तिसऱ्या दिवशी स्वयंपाक माझ्याकडे आला. मी ओले बोंबील स्वच्छ केले, पाट्याखाली दाबून त्यातलं पाणी काढलं, रव्यात घोळवून कुरकुरीत तळले. सासऱ्यांना वाढायला गेले तर त्यांनी ताटावर आडवा हात धरला.

"मला नको. सोडलेत."

माझा चेहरा पडला. माझ्या हातचं जमलं नाही, असंच मला वाटलं. सासूबाईंनी आत नेऊन मला समजावलं. "तुझ्यामुळे नाही गो. ते देवीसाठी सोडतात. गेल्या वर्षापासून बोंबील बंद आहेत."

"का सोडले?"

"मी विचारत नाही," सासूबाई म्हणाल्या. "विचारलं की आणखी काहीतरी सोडतात."

सासऱ्यांना आम्ही सगळे बाबा म्हणायचो. होडीवर जाणं त्यांनी थांबवलं होतं. आता दिवसभर ओट्यावर बसून जाळी दुरुस्त करायचे. सकाळी दिवा लावल्याशिवाय चहा घ्यायचे नाहीत. दिव्यासमोर बसले की त्यांचे ओठ बराच वेळ हलत राहायचे. सुरुवातीला मला ते स्तोत्र वाटलं. नंतर एकदा मी फुलं ठेवायला वाकले तेव्हा कानावर पडलं, ते घरातल्या एकेकाचं नाव घेऊन देवीला त्याची हकिगत सांगत होते. माझं नाव आलं तसा त्यांनी आवाज एकदम बारीक केला.

त्यांचा हिशेब सरळ होता. घरातल्या कुणाची काही अडचण असली की बाबा आपल्या आवडीचा एक पदार्थ सोडायचे. पदार्थ आवडीचाच हवा. मी एकदा त्यांना म्हटलं, "बाबा, पडवळ सोडा ना, नाहीतरी तुम्ही ते बाजूला काढता." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी देवीच्या ओटीत खोटी बांगडी घालायला सांगितली होती.

पुढच्या दीडदोन वर्षांत यादी वाढली. पापलेट गेलं. चिकू गेला, आणि चिकू सोडून डहाणूत राहायचं म्हणजे काय ते इथल्या माणसालाच कळेल. मग शेंगदाणे गेले. कारण कुणी विचारायचं नाही आणि बाबा आपणहून सांगायचे नाहीत. मी काय चालतं तेवढं लक्षात ठेवायला शिकले.

२०१६ मध्ये नणंदेला तलासरीचं स्थळ आलं. माणसं मूळची आमच्याच बाजूची, पण मुलाचे वडील शाळेत शिक्षक होते म्हणून तिकडे घर बांधून राहिलेली. मुलगी बघून झाली होती, पसंत होती. मग त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. घर बघून घ्या, मग नक्की करू, असा निरोप होता. मुलाची आई त्या घरची खरी हेडमास्तर आहे, हे आम्हाला आधीच कळलं होतं.

माझ्या नवऱ्याने मित्राची जीप आणली. सासूबाईंनी ठेवणीतली साडी नेसली. नणंदेला मुद्दाम बोलावलं होतं म्हणून तीही होती, आणि अगदी चारोटी नाक्यापर्यंत आपण काय बोलायचं नाही याची उजळणी करत होती. तिच्या माहितीच्या कागदावर शिक्षण "बारावी पास" असं लिहिलं होतं. त्यात खोटं काहीच नव्हतं.

तलासरीला पोचलो, पाहुणचार झाला, पानं मांडली. मुलाच्या आईने समुद्रावरची माणसं येणार म्हणून खास बाजार करवला होता. पानात तळलेलं पापलेट होतं, बोंबील होते, काकडीच्या कोशिंबिरीत दाण्याचं कूट होतं आणि शेवटी गोड म्हणून चिकूचा हलवा. मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

बाबांनी भात कालवला, वरण घेतलं, मीठ घेतलं आणि शांतपणे जेवायला लागले. बाकी सगळं पानात तसंच.

मुलाच्या आईने थोडा वेळ वाट बघितली. मग म्हणाली, "व्याहीबुवा, पापलेट ताजं आहे. सकाळीच आणवलंय."

"दिसतंच आहे. पण मी सोडलंय."

"कशासाठी?"

एवढी वर्षं हा प्रश्न त्यांना आमच्यापैकी कुणी विचारला नव्हता. बाबांना खोटं बोलता येत नव्हतं, आणि आता समोरच्या बाईने सरळ विचारलं होतं.

"मुलीसाठी," बाबा म्हणाले. "बारावीला दोनदा बसली. दोन्ही वेळा गेली. मग मी पापलेट सोडलं. तिसऱ्यांदा पास झाली."

नणंदेचा घास हातातच राहिला. मुलाच्या वडिलांनी शिक्षकी सवयीने विचारलं, "कुठल्या विषयात जात होती?"

"इंग्रजी," बाबा म्हणाले. "आणि एकदा अर्थशास्त्रही."

मुलाच्या आईने मान हलवली. "बरं, मग बोंबील तरी घ्या."

"ते थोरल्यासाठी सोडलेत. दारू प्यायचा."

माझा नवरा बोंबलाचा काटा काढत होता. तो काढतच राहिला. माझ्या लग्नाला दोन वर्षं होऊन गेली होती आणि ही गोष्ट मी तलासरीत, परक्या घरात, पंगतीत बसून ऐकत होते.

"आता पितो का?" बाईंनी विचारलं.

"नाही. लग्नाआधीच सुटली."

"बघा, गुण आला. आणि कोशिंबीर?"

"शेंगदाणे हिच्या गुडघ्यांसाठी," बाबांनी सासूबाईंकडे हात केला. "तिला सांगितलेलं नाही." सासूबाईंनी डोळे उघडले. त्यांना नवऱ्याकडे इतका वेळ बघताना मी तेव्हाच पाहिलं.

मी मनात म्हणत होते, आता हलव्याचं विचारू नका. पण बाईंनी हलव्याची वाटीच पुढे सरकवली. बाबा पहिल्यांदाच घुटमळले. माझ्याकडे एकदा बघून खाली मान घालून म्हणाले, "चिकू सुनेसाठी. तशी फार गुणी आहे. फक्त राग लवकर येतो."

"मग झाला का कमी?"

बाबांनी जरा विचार केला. "चिकू मी अजून चालू केलेला नाही," ते म्हणाले.

मुलाच्या वडिलांना ठसका लागला. त्यांना पाणी देण्याच्या गडबडीत विषय संपला.

परतताना जीपमध्ये नणंद रडत होती, सासूबाई बाहेर बघत होत्या. बाबा मात्र पुढे निवांत बसले होते. त्यांना विचारलं गेलं होतं, त्यांनी उत्तरं दिली होती, यात बिघडलं काय हे त्यांना कळत नव्हतं. घरी आल्यावर मी नवऱ्याला गाठलं.

"किती पीत होतात?"

"बाबांना बोंबील सोडावे लागले, एवढी," तो म्हणाला. मग म्हणाला, "मला पण आजच कळलं." आणि अंगणात जाऊन होडीच्या इंजिनाशी काहीतरी खुडबुडत बसला. त्या दिवशी मला राग आला नाही. आला असता तरी दाखवायची सोय राहिली नव्हती.

स्थळ गेलं, असं आम्ही धरून चाललो. पाचव्या दिवशी बाईंचा फोन आला. त्या माझ्याशीच बोलल्या. "मुलगी नापास झाली होती हे आम्हाला आमच्या शाळेतून आधीच कळलं होतं. तुम्ही सांगता की लपवता तेवढंच बघायचं होतं. लग्न करू. फक्त व्याह्यांना सांगा, आमच्या मुलासाठी काही सोडू नका. त्याचं आम्ही बघतो."

मी बाबांना निरोप दिला. ते जाळ्यातून मान वर न काढता म्हणाले, "उशीर झाला. भरली भेंडी कालच सोडली."

लग्न चांगलं झालं. त्यानंतर नातवंडं आली, त्यांचे दात आले, ताप आले, आणि बाबांचं पान आणखी मोकळं होत गेलं. २०१९ च्या चैत्रात ते नेहमीप्रमाणे महालक्ष्मीच्या जत्रेला गेले, गड चढले, आणि उतरताना उन्हात चक्कर येऊन बसले. त्यांना कासाच्या दवाखान्यात नेलं. काळजीचं काही नव्हतं, अशक्तपणा होता. नर्सने कागद पुढे घेऊन विचारलं, "काय काय खात नाहीत?" मी सांगायला लागले. तिने चार ओळी लिहिल्या, कागद उलटा केला, मग पेन खाली ठेवून म्हणाली, "ताई, काय खातात तेच सांगा."

डॉक्टर म्हणाले, मासे सुरू करा. बाबा म्हणाले, देवीला दिलेलं परत घेत नाही. दोन दिवस घरात हाच वाद. शेवटी सासूबाई आमच्या गावच्या देवळातल्या पुजाऱ्याकडे गेल्या. पुजाऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पदार्थ सुटलेला राहिला म्हणजे झालं. ज्याच्यासाठी सोडला त्याने तो आपल्या अंगावर घ्यावा. म्हातारा मोकळा."

हे बाबांना पटायला एक अख्खी सकाळ गेली. मग माझ्या नवऱ्याने दिव्यासमोर बसून बोंबील अंगावर घेतले. मासेमाराच्या घरात जन्मलेला माणूस, घेताना दिव्याकडे कमी आणि चुलीकडे जास्त बघत होता. मी चिकू घेतला. सासूबाईंनी शेंगदाणे घेतले. नणंद तलासरीहून आली आणि पापलेट घेऊन गेली. भेंडीसाठी जावई आला, तो म्हणाला मला भेंडी तशीही आवडत नाही, तर बाबांनी त्याला उठवून परत पाठवलं आणि भेंडी आपल्याकडेच ठेवली.

त्या दुपारी मी बोंबील तळले. बाबा खाली बसले, पहिला तुकडा तोंडात घातला, सावकाश चावला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत उभे होतो.

"मीठ जरा जास्त झालंय," ते म्हणाले, आणि आणखी चार मागून घेतले.

त्यानंतर बाबा सातएक महिने आमच्यात होते. अंगावर थोडं मांस आलं होतं, ओट्यावर बसून पुन्हा जाळी करायचे. पण सवय जाईना. बोंबील सुरू होऊन तीन दिवस झाले नव्हते, तेवढ्यात माझी धाकटी जेवताना खोकली. बाबांचा हात थांबला. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग पानाकडे बघितलं.

"बाबा," मी म्हटलं.

"मी कुठे काय बोललो?" ते म्हणाले, आणि खाली बघून जेवायला लागले.